दगडाचा रंग आणि माणसाचे नाव

संगमरवरी पुतळा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पांढराशुभ्र रंग उभा राहतो. ही सवय मूळची आपली नाही. दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या पोरांना विचारून पाहा. मावळ्याचा फेटा लाल नसेल आणि महाराजांच्या सिंहासनाला सोनेरी रंग नसेल, तर ती मातीची चित्रे ती हातात धरायची नाहीत. गणपतीची मूर्ती कितीही घाटदार उतरली तरी तिचे डोळे रंगवून होईपर्यंत ती कारखान्यातून घरी येत नाही. आणि काळ्या पाषाणातल्या विठोबाला तर आपण ‘सावळा’ म्हणून जी माया लावली आहे, ती गोऱ्या दगडाच्या वाट्याला क्वचितच आली असेल.

मग पुतळा पांढराच हवा, हे आपल्या डोक्यात भरवले कोणी? मुंबईत १८७२ साली मॅथ्यू नोबल याने घडवलेला व्हिक्टोरिया राणीचा पांढरा पुतळा उभा राहिला. सभागृहांतून, ग्रंथालयांतून आणि धनिकांच्या दिवाणखान्यांतून गव्हर्नर, न्यायाधीश, शेटसावकार यांचे पांढरे अर्धपुतळे विराजमान झाले. त्यांच्यामागची अभिरुची युरोपची होती, आणि युरोपची समजूत अशी की ती आपल्याला रोमकडून वारसाहक्काने मिळाली आहे. गंमत अशी की रोमने ती कधी दिलेलीच नव्हती.

रोमन शिल्पकार संगमरवर रंगवीत. ओठ, केस, बुबुळे, झग्याची किनार, सगळ्यांवर रंग चढे. १८६३ साली रोमजवळ प्रीमा पोर्ता येथे लिव्हियाच्या वाड्याच्या जागी ऑगस्टसचा प्रसिद्ध पुतळा सापडला, तेव्हा त्याच्यावर रंगाच्या खुणा शिल्लक होत्या. बाकीच्या पुतळ्यांचा रंग शतकानुशतके मातीखाली राहून आणि वर काढल्यावर घासूनपुसून नाहीसा झाला. दगड तेवढा उरला, आणि जे उरले त्यालाच अठराव्या शतकाने आदर्श ठरवले. १७६४ साली प्राचीन कलेचा इतिहास प्रसिद्ध करणाऱ्या व्हिंकेलमनने तर देह जितका शुभ्र तितका तो सुंदर, असे प्रतिपादन केले. एवढ्या मोठ्या पंडिताने एवढे मोठे विधान केल्यावर सामान्य रसिकाने काय करावे? २००३ साली म्यूनिकच्या ग्लिप्टोथेक संग्रहालयात प्राचीन पुतळ्यांच्या रंगवलेल्या प्रतिकृती मांडल्या गेल्या, तेव्हा कित्येकांना त्या भडक वाटल्या. त्यात त्यांचा दोष नाही. अडीचशे वर्षांची सवय एका दुपारी सुटत नाही.

परंतु मला येथे बोलायचे आहे ते रंगवलेल्या दगडाविषयी नाही. निसर्गतःच रंगीत असलेल्या दगडातून घडलेल्या अर्धपुतळ्यांविषयी बोलायचे आहे. रंगाचा हात दगडावरून पुसला जातो. लाल पॉर्फिरीचा लाल रंग मात्र हजार वर्षांनीही हलत नाही. आणि रोमन साम्राज्यात हा रंग कोठून आला आणि कोणाच्या अंगावर घातला गेला, हे पाहिल्यावाचून एकोणिसाव्या शतकात त्याचे पुनरुज्जीवन करणाऱ्या शिल्पकाराचे मोल आपल्याला नीट ठरवता येणार नाही.

तो आला जिंकलेल्या मुलखांतून. जांभळी पॉर्फिरी इजिप्तच्या पूर्वेकडील वाळवंटातल्या डोंगरातून, पिवळा संगमरवर आजच्या ट्युनिशियातल्या शेमतू येथून, जांभळ्या शिरांचा पांढरा दगड आशिया मायनरमधल्या फ्रिजियातून, तांबडा दगड ग्रीसच्या दक्षिण टोकापासून. रोममधल्या एखाद्या सार्वजनिक इमारतीच्या फरशीवर उभे राहणे म्हणजे साम्राज्याच्या नकाशावर उभे राहणे होते. तथापि पुतळ्यासाठी रंगीत दगड वापरणे लोकांना लगेच मानवले नाही. क्लॉडियस बादशहाच्या वेळी व्हिट्रासियस पोलिओ नावाच्या अधिकाऱ्याने इजिप्तहून पॉर्फिरीचे पुतळे रोमला आणले. ही नवलाई कोणाला रुचली नाही आणि पुढे कोणी तिचे अनुकरण केले नाही, असे थोरल्या प्लिनीने नोंदवले आहे. प्लिनी आणखी दोन-तीन पिढ्या जगता तर त्याला आपले वाक्य खोडावे लागले असते.

कारण ट्रेजन बादशहाने इसवी सन १०६ मध्ये डेशिया, म्हणजे आजच्या रुमानियाचा प्रदेश, पुरता जिंकला आणि रोममध्ये आपला भव्य चौक उभारला, तेव्हा त्यात पराभूत डेशियनांचे पुतळे बसवण्यात आले. त्यांतले काही पुढे काढून कॉन्स्टन्टाइनच्या कमानीवर चढवले गेले, आणि ते आजही तेथे दिसतात. हात पुढे बांधलेले, मान खाली, अंगात पायघोळ कपडे. आणि हे कपडे कशाचे? जांभळ्या शिरांच्या फ्रिजियन दगडाचे. फ्लॉरेन्सच्या बोबोली बागेत असेच बंदी पॉर्फिरीत आहेत. पराभूताच्या अंगावर पराभूत देशाचा दगड! रोमनांना हा अर्थ सांगावा लागत नसे, तो त्यांना दिसत असे. टिव्होलीच्या हेड्रियनच्या प्रासादात १७३६ साली तांबड्या दगडातला एक फॉन सापडला. तो आता कॅपिटोलाइन संग्रहालयात आहे. द्राक्षांचा घड उंचावणारा हा मद्यप्रिय अर्धपशू नखशिखान्त लाल आहे. म्हणजे बंदी, परदेशी, वनदेवता, ज्यांना नागरिकांच्या पंगतीत बसवायचे नाही अशांसाठी रंगीत दगड हाताशी होता. पुढे तिसऱ्या-चौथ्या शतकांत बादशहांनी पॉर्फिरी स्वतःच्याच देहासाठी राखून ठेवली हे खरे, पण ती माणसाहून वेगळे दिसण्याचीच दुसरी तऱ्हा होती. सर्वसामान्य रोमन गृहस्थ अर्धपुतळ्यात यायचा तो साध्या पांढऱ्या दगडात, कपाळावरच्या आठ्यांसह, लोंबत्या गालांसह, आणि बहुधा नावानिशी.

हे नाव फार महत्त्वाचे आहे. रोमन व्यक्तिशिल्पाचा सगळा जीव त्यात आहे. ग्रीकांनी सुंदर माणूस घडवला, रोमनांनी अमुक एक माणूस घडवला, असे स्थूलमानाने म्हणता येईल. बर्लिनच्या संग्रहालयात दुसऱ्या शतकातले एका तरुण आफ्रिकी पुरुषाचे मस्तक आहे. अथेन्सचा धनाढ्य वक्ता हेरोडीज ॲटिकस याने वाढवलेल्या मेम्नोन नावाच्या शिष्याचे ते, असे जाणकार मानतात. ते पांढऱ्या संगमरवरातच आहे. कुरळे केस, रुंद नाक, पातळ दाढी, आणि नजर किंचित दूर. त्याच्या कातडीचा रंग सांगण्यासाठी काळा दगड शोधण्याची शिल्पकाराला गरज वाटली नाही. घरातल्या माणसाचे शिल्प जसे करतात तसे त्याने ते केले. या मस्तकाकडे आपल्याला पुन्हा यावे लागेल.

मध्यंतरीचा इतिहास थोडक्यात आटोपतो. रोम कोसळले, पॉर्फिरीच्या खाणी विसरल्या गेल्या, आणि इतका कठीण दगड कोरायचा कसा हेही युरोप जवळजवळ विसरला. सोळाव्या शतकात फ्लॉरेन्सच्या फ्रान्चेस्को देल ताद्दाने ती विद्या पुन्हा हस्तगत केली आणि पॉर्फिरीत चेहरे कोरून दाखवले. रोमच्या सरदारांना प्राचीन अवशेषांचे वेड लागले होते. कोठे नुसते मस्तक सापडे, कोठे नुसते धड. मग पांढऱ्या मस्तकाला अलाबास्टरचा किंवा रंगीत संगमरवराचा झगा जोडून अर्धपुतळा पुरा केला जाई. आज आपण ज्यांना ‘रोमन रंगीत अर्धपुतळे’ म्हणून कौतुकाने पाहतो त्यांतल्या कितीतरी पुतळ्यांचे मस्तक तेवढे रोमन असते, खांदे सोळाव्या-सतराव्या शतकांतले. या जोडकामात निकोला कॉर्दिए हा फ्रेंच कारागीर पटाईत होता. बोर्गेझे घराण्यासाठी त्याने एका प्राचीन धडाला ब्राँझचे मस्तक, हात आणि पाय जोडून ‘जिप्सी मुलगी’ तयार केली. तशाच रीतीने एक ‘मूर’ही घडवला. तो बोर्गेझे संग्रहातून नेपोलियनने १८०७ साली केलेल्या मोठ्या खरेदीबरोबर फ्रान्सला गेला.

आणि आडनावाचा योगायोग असा की याच मार्गाने पुढे जाणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या शिल्पकाराचे नावही कॉर्दिएच. शार्ल कॉर्दिए. जन्म १८२७, कांब्रे गावी. पॅरिसला तो रूद या नामांकित शिल्पकाराच्या हाताखाली शिकत असताना त्याला सेइद एन्केस नावाचा सुदानी माणूस भेटला. हा एके काळचा गुलाम, आता पॅरिसमध्ये चित्रकार-शिल्पकारांपुढे बसून पोट भरणारा. कॉर्दिएने त्याचा अर्धपुतळा केला आणि १८४८ च्या सालोन प्रदर्शनात ठेवला. त्याच साली फ्रान्सने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली. शिल्पाचे शीर्षक होते ‘सईद अब्दल्ला, मायाक जमात, दारफुरचे राज्य’. शिल्पकार वीस वर्षांचा होता. १८५१ साली त्याने जोडीला एका आफ्रिकी स्त्रीचा अर्धपुतळा केला. लंडनच्या त्या सालच्या महाप्रदर्शनात हे काम झळकले आणि व्हिक्टोरिया राणीच्या संग्रहात गेले. हीच जोडी पॅरिसच्या निसर्गेतिहासाच्या संग्रहालयाने आपल्या मानववंशाच्या दालनासाठी मागवली. एकीकडे राणीचा महाल, दुसरीकडे हाडे आणि कवट्या मांडलेले दालन! एकाच चेहऱ्याला एकाच वेळी असा दुहेरी मान मिळावा, यात त्या शतकाचे सारे चरित्र आले.

१८५६ साली कॉर्दिए सरकारी खर्चाने अल्जीरियाला गेला. तेथील निरनिराळ्या वंशांचे नमुने शिल्पात उतरवणे हे त्याचे काम होते. पण त्याच्या हाती आणखी एक गोष्ट लागली. ओरान प्रांतात ज्याला ‘ऑनिक्स’ म्हणतात अशा दगडाच्या खाणी होत्या, आणि त्यांतून फ्रेंचांनी पुन्हा माल काढायला आरंभ केला होता. नाव ऑनिक्स असले तरी हा खरा गोमेद जातीचा दगड नाही. पाण्यातून थरावर थर साचून झालेला हा चुनखडीचा दगड आहे. दुधी, मधाळ, हिरवट, तांबूस असे पट्टे त्यात एकाशेजारी एक वाहत जातात, आणि पातळ केला तर उजेड थोडा आत शिरू देतो. रोममधल्या त्या अलाबास्टरच्या झग्यांचे स्मरण कॉर्दिएला न होते तरच नवल. त्याने मस्तक ब्राँझमध्ये ओतले, त्यावर गडद झाक दिली, आणि खांदे, झगा, फेटा ऑनिक्समध्ये कोरून दोहोंची जोड केली. घाट तोच, रोमन बादशहाचा. रुंद खांदे, छातीवर एकवटलेल्या वस्त्राच्या चुण्या, खाली आटोपशीर बैठक.

१८५७ च्या सालोनमध्ये आलेला सुदानी पुरुष हे या पद्धतीचे पहिले मोठे यश. तिसऱ्या नेपोलियनच्या सरकारने तो घेतला, आणि आज तो पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. हे शिल्प मला कॉर्दिएच्या रंगीत कामात सर्वांत सरस वाटते. त्याचे कारण फेटा. दगडाचे पट्टे आणि कापडाचे पीळ एकमेकांना इतके अनुरूप आहेत की ती रेघ कोरलेली की खाणीतूनच आलेली, हे क्षणभर समजत नाही. ज्यांनी कोल्हापुरी फेटा बांधताना पाहिला आहे त्यांना यातली गंमत अधिक कळेल. पीळ जेथे आवळतो तेथे रंग गडद आणि जेथे सैल सुटतो तेथे तो फिका, हे दगडाने आपण होऊन केले आहे, आणि शिल्पकाराने ते होऊ दिले आहे. एवढे वैभव डोक्यावर असूनही चेहरा दबत नाही. ब्राँझ प्रकाश पिऊन घेते, ऑनिक्स तो परत देते. त्यामुळे डोळा कापडावर रमतो, पण थांबतो तो कपाळावर आणि गालफडांवर. रंगीत दगडाचा अर्धपुतळा केव्हा साधतो, याचे हे उत्तम उदाहरण मानावे.

पुढे मात्र तोल जातो. १८६१ ची ‘काप्रेस’ आणि १८६२ ची ‘अल्जीर्सची ज्यू स्त्री’ ही दोन्ही शिल्पे पाहणाऱ्याला प्रथमदर्शनी मोहून टाकतात. ऑनिक्स, ब्राँझ, सोन्याचा मुलामा, मीनाकारी, कशालाही तोटा नाही. ‘काप्रेस’मध्ये निदान मानेचा वळसा आणि बाजूला गेलेली नजर यांत एक हट्टी, स्वतंत्र बाई जाणवते. आपल्याला पाहणाऱ्याकडे ती पाहत नाही, आणि त्यामुळे ती टिकते. ज्यू स्त्रीच्या बाबतीत अलंकारांनी डाव जिंकला आहे. जरीच्या शालूत गुंडाळलेल्या नवरीचे तोंड फोटोत दिसू नये तसे तिचे झाले आहे. भरतकाम लक्षात राहते, बाई राहत नाही. त्याच दशकात, १८६२ साली, लंडनच्या प्रदर्शनात जॉन गिब्सनची रंगवलेली व्हीनस आली आणि इंग्रज टीकाकार खवळले. कॉर्दिएच्या दगडांना तेवढा त्रास झाला नाही. मेणाचा हलका रंग दिलेली गोरी देवता लोकांना अश्लील वाटली, आणि पाषाणाच्या रंगातली परदेशी स्त्री वाटली नाही. रंगीत दगड परक्याच्या अंगावर शोभतो हा रोमचा जुना संकेत अठराशे वर्षांनीही कसा मुरलेला होता पाहा.

येथेच माझी खरी अडचण आहे. कॉर्दिएचा हेतू थोर होता. १८६२ साली पॅरिसच्या मानववंशशास्त्र परिषदेपुढे बोलताना, सौंदर्य ही कोणा एका वंशाची मालमत्ता नाही, असे त्याने स्वच्छ सांगितले. ज्या काळात कवट्या मोजून माणसांची प्रतवारी लावली जात होती त्या काळात हे म्हणणे धैर्याचे होते. ज्यांना रोमने हात बांधून कमानीवर चढवले असते, अशांना त्याने बादशहाच्या घाटात बसवले. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण त्याची पद्धत काय होती? पुष्कळ चेहरे पाहायचे, त्यांची मापे घ्यायची, एकमेकांशी ताडून पाहायचे, आणि त्या वंशाचे उत्तम रूप ज्यात एकवटेल असा एक चेहरा तयार करायचा. म्हणजे तो शोधीत होता नमुना. ‘काप्रेस’ हे काही त्या बाईचे नाव नाही. मिश्र रक्तात कोणाचा वाटा किती, याचे वसाहतींनी जे कोष्टक केले होते त्यातला तो एक रकाना आहे. सुदानी पुरुषाच्या मूळ शीर्षकात तर वर्ण आणि देश एवढेच होते. संग्रहालयाने आता ते बदलून ‘अल्जीरियन वेषातील सुदानी पुरुष’ असे केले आहे. पाटी सुधारली, पण नाव कोठून आणणार?

आणि दगड? रोमने फ्रिजियाचा दगड डेशियनांच्या अंगावर घातला. १८३० साली फ्रान्सने अल्जीरियात सैन्य उतरवले आणि पंचवीस-तीस वर्षांत तेथील खाणींचा दगड तेथील माणसांच्या पुतळ्यांवर चढून पॅरिसच्या दिवाणखान्यांत पोचला. कॉर्दिएने रोमकडून घाट घेतला, दगड जोडण्याची युक्ती घेतली, आणि त्याबरोबर हाही वारसा घेतला. जे घेण्यासारखे होते ते मात्र मागे राहिले. रोमन व्यक्तिशिल्पातला तो नावानिशी ओळखू येणारा, वाकड्या नाकाचा, दुसऱ्या कोणासारखाही नसलेला माणूस त्याने घेतला नाही. बर्लिनच्या मेम्नोनला पांढरा दगड पुरला, कारण तो कोणीतरी होता.

कोणी म्हणेल, रंगच नको तर मग. तसे मी म्हणत नाही. त्या फेट्यासाठी मी पुष्कळ काही क्षमा करीन. कॉर्दिएने पांढऱ्या अभिरुचीची कोंडी फोडली आणि संगमरवराच्या कलेत सूर्य आणला, हे त्याचे काम लहान नाही. शेवटची वर्षे तो अल्जीर्सलाच राहिला आणि १९०५ साली तेथेच वारला. ज्या प्रकाशात तो दगड उजळतो त्या प्रकाशाची ओढ त्याला खरी होती. परंतु त्याचे सर्वश्रेष्ठ शिल्प कोणते असे मला विचाराल तर मी या सगळ्या दगडांच्या आधीच्या कामाकडे बोट दाखवीन, १८४८ च्या त्या पहिल्या अर्धपुतळ्याकडे. त्यात ऑनिक्स नाही, मीनाकारी नाही, केवळ एकरंगी ब्राँझ आहे. समोर बसलेल्या माणसाला दुसरेच नाव दिलेले आहे हे खरे, पण नाव आहे, जमात आहे, राज्य आहे. आणि ज्याला मापांनी अजून घेरलेले नाही अशा तरुण शिल्पकाराने समोरच्या तरुण माणसाकडे सरळ पाहिले आहे.

बॉल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात त्याची ब्राँझची प्रत, जोडीच्या आफ्रिकी स्त्रीसह, आहे. आजकाल आपल्यापैकी पुष्कळांची मुलेबाळे अमेरिकेच्या त्या बाजूला असतात, आणि त्यांच्याकडे गेलेल्या आईवडिलांना दुपारच्या वेळी जावे कोठे हा प्रश्न पडतो. त्यांनी अवश्य जावे. पुतळ्याच्या समोर थोडा वेळ उभे राहावे, मग बाजूने पाहावे, आणि पाटी शेवटी वाचावी.